निरोगी कानाचे औषध

डॉक्टरांचे अक्षर ज्याला वाचता येते त्याला जगातले कोणतेही अक्षर वाचता येते, अशी दवाखान्यातल्या कंपाउंडरची ख्याती होती. आणि या ख्यातीपायीच त्याच्यावर प्रॉम्प्टर होण्याची पाळी आली. शाळेतल्या बाईंनी एक नाटक लिहिले होते. त्यांचे मूळ अक्षर सुरेख, परंतु दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्यामुळे विंगेतल्या अर्धवट उजेडात ते दुसऱ्या कोणास लागेना. वस्तुतः कंपाउंडरचा जीव न्यायाधीशाच्या भूमिकेत अडकला होता. औषधांच्या कपाटाच्या काचेत स्वतःला पाहत त्याने ती भाषणे घोकलीही होती. बाईंनी त्याच्याकडून एक उतारा वाचून घेतला, शांतपणे ऐकला आणि मोठ्या मायेने म्हटले, “कंपाउंडर, आवाज छान आहे हो तुमचा. पण तो दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, असा येतो.”

सगळे हसले. कंपाउंडरही हसला. तथापि ते वाक्य त्याच्या जिव्हारी लागले ते लागलेच.

न्यायाधीश झाला घणवाला. हा गृहस्थ कारखान्याच्या लोहारखान्यात मोठ्या यांत्रिक घणावर काम करी. देह आडदांड, बोलणे कमी. परंतु काळा झगा अंगावर चढवून तो खुर्चीत बसला की समोरच्याने आपोआप पायातल्या चपला सारख्या कराव्यात असा त्याचा दरारा. तालमी सुरू झाल्यापासून लोक त्याला रस्त्यातही जजसाहेब म्हणू लागले होते.

आता इथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. घणवाला नव्या वस्तीतला आणि कंपाउंडर जुन्या वस्तीतला. या दोन वस्त्यांच्या मधोमध एक मैदान होते आणि ते कोणाचे, यावरून उभयतांमध्ये वर्षानुवर्षे विस्तव जात नव्हता. जुन्या वस्तीचे म्हणणे, आमचे वाडवडील इथे गुरे बांधत. नव्या वस्तीचे म्हणणे, कारखान्याने आम्हाला घरे दिली तेव्हा मैदानही दिले. संध्याकाळी व्हॉलीबॉल होई, परंतु तो खेळ नावाचाच. नेटच्या अलीकडे एक वस्ती, पलीकडे दुसरी, आणि चेंडू असा हाणायचा की पाहिजे तर पॉइंट जावो पण समोरच्याचे नाक राहू नये.

बाईंनी नाटक बसवले ते याच कारणाने. अर्धी पात्रे या वस्तीतली घेतली, अर्धी त्या वस्तीतली. तालीम मैदानालगतच्या कँटीनच्या हॉलमध्ये होत असे, आणि तालमीआधी मंडळी व्हॉलीबॉल खेळत. एके दिवशी, कसे कोण जाणे, बाजू पडताना कोणीतरी थट्टेने म्हणाले, “कोर्टवाले इकडे, आरोपीवाले तिकडे.” झाले. न्यायाधीश, वकील आणि शिपाई एका बाजूला. आरोपी, त्याची बायको झालेला पोस्टमन आणि साक्षीदार दुसऱ्या बाजूला. त्या दिवसापासून मैदानावर वस्ती विरुद्ध वस्ती हा सामना बंद पडला. सरकारी वकील झालेला जुन्या वस्तीतला सायकलवाला चेंडू उचलून द्यायचा आणि नव्या वस्तीतला घणवाला तो पलीकडे आपटायचा. बायका दोन्ही बाजूंनी येऊन एकाच पायरीवर बसू लागल्या. जे काम पंचांना साधले नव्हते ते एका नाटकाने साधले.

कंपाउंडर मात्र ना कोर्टात ना आरोपींत. तो बाहेर उभा राहून पॉइंट मोजी.

प्रॉम्प्टिंगच्या बाबतीत घणवाल्याने पहिल्याच तालमीत त्याला एक अट घातली होती. “सगळं वाक्य सांगायचं नाही, कंपाउंडर. सगळं सांगितलंत तर मी पोपट झालो. माझा हात झग्याच्या दुसऱ्या बटणाकडे गेला की पहिला शब्द द्यायचा. एकच. बाकीचं मी बघतो.” ही खूण दोघांत इतकी मुरली की तालमीत बटणाकडे हात गेला आणि शब्द आला नाही, असे एकदाही घडले नाही.

ते घडले प्रत्यक्ष प्रयोगात.

हॉल माणसांनी फुलून गेला होता. दोन्ही वस्त्या मिसळून बसल्या होत्या. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी दुसरा प्रयोग ठरला होता. तिसऱ्या अंकात न्यायाधीशासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात त्याचाच धाकटा भाऊ उभा राहतो आणि त्याला शिक्षा सुनावण्याची वेळ येते. घणवाल्याने भावाकडे अशा काही नजरेने पाहिले की टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. विंगेला लागून पहिल्या रांगेत कंपाउंडरचा मेव्हणा बसला होता. तो शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, “काय माणूस आहे राव. आपल्या वस्तीत आहे का असा एक तरी?”

नेमक्या त्याच क्षणी घणवाल्याचा हात दुसऱ्या बटणाकडे गेला.

कंपाउंडरचे बोट ओळीवर होते. ओळ होती, “आईने सांगितले होते, धाकट्याला सांभाळ.” द्यावयाचा शब्द होता “आईने”. तो त्याच्या जिभेवर तयार होता आणि त्याने ओठ मिटून घेतले. एक श्वास, फार तर दोन. याहून अधिक थांबण्याचा त्याचा विचार नव्हता. या माणसाचे पाय जरासे जमिनीला लागावेत, एवढेच त्याच्या मनात आले असावे. घणवाल्याने मान किंचित वळवून विंगेकडे पाहिले. बटणावरचा हात घट्ट झाला. आणि मागच्या रांगांतून, जुन्या वस्तीच्या घोळक्यातून, कोणीतरी ओरडले, “जजसाहेब, पुढची तारीख द्या.”

हॉल खो खो हसत सुटला. कंपाउंडर दचकला, घाईघाईने म्हणाला, “आईने... आईने...” पण तो शब्द त्या हसण्यात असा बुडाला की त्याचा त्यालाही ऐकू आला नाही. घणवाला उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उभा राहिला. शेवटी बाईंनी पडदा पाडावयास सांगितले.

पडद्यामागे गिल्ला झाला. नव्या वस्तीतले म्हणाले, हसणारी माणसे मुद्दाम आणून बसवली होती. जुन्या वस्तीतले म्हणाले, पाठांतर तुमच्या माणसाचे नाही आणि बोल आम्हाला का. तेवढ्यात पोस्टमन कंपाउंडरकडे वळून म्हणाला, “अहो, पण तुम्ही काय करत होता?”

कंपाउंडरने तोंड उघडले. परंतु त्याच्याआधी घणवाला बोलला. “त्याला बोल लावू नका. त्याचे ओठ हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्यानं शब्द दिला. मलाच ऐकू आलं नाही.” मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “इतकी वर्षं घणाजवळ काढली. कान गेले असणार.”

खरे सांगण्याची ती वेळ होती. कंपाउंडर मूग गिळून बसला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर बाजू पडल्या त्या पुन्हा वस्तीप्रमाणे. सायकलवाल्याने उडवलेला चेंडू नव्या वस्तीतल्या पोस्टमनच्या तोंडावर बसला आणि त्याचा चष्मा फुटला. त्यानंतर खेळही बंद झाला. कारखान्याच्या भंगारातून आणलेले लोखंडी खांब मैदानाच्या कडेला येऊन पडले. मधोमध तारेचे कुंपण घालून एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा, यावर मात्र दोन्ही वस्त्यांचे विलक्षण एकमत झाले. बाई घणवाल्याच्या घरी जाऊन आल्या. तो म्हणाला, ज्याला शब्द ऐकू येत नाही त्याने रंगमंचावर उभे राहू नये. जजशिवाय दुसरा प्रयोग होणे शक्य नव्हते.

आणि मग घणवाला दवाखान्यात आला. सोबत त्याची बायको, सगळ्यांच्या वहिनी. डॉक्टरांनी दुर्बीण लावून दोन्ही कान पाहिले आणि म्हणाले, “आत तर सगळं ठीक दिसतंय. थोडा मळ आहे. थेंब घालून घ्या काही दिवस, मग शहरात जाऊन यंत्रावर तपासून या.” एवढे बोलून त्यांनी कागद खिडकीतून सरकवला. थेंब घालण्याचे काम कंपाउंडरचे.

घणवाला बाकावर कुशीवर आडवा झाला. कंपाउंडरने बाटली तळहातात धरून कोमट केली, कानाची पाळी वर ओढली आणि थेंब सोडले. निरोगी कान होता तो. तो किंचित मळ सोडला तर तरुण माणसाच्या कानासारखा. त्यावर त्याने कापूस ठेवला.

“दुखतंय का?” त्याने विचारले.

“त्यांना असं हळू विचारू नका,” वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्याच्या डोक्याशी वाकून ओरडल्या, “दुखतंय का, म्हणतात.”

“नाही दुखत,” घणवाला डोळे न उघडता म्हणाला.

“आता घरात आम्ही सगळे असेच ओरडून बोलतो,” वहिनी कंपाउंडरला सांगू लागल्या. “शेजारीण काल विचारत होती, रोज रोज कशावरून भांडता? मी म्हटलं, भांडत नाही बाई, मीठ मागितलं.” त्या हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, “घणावरून काढून गेटवर बसवा, असं फोरमनला सांगून आलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत बसायचं. हे, आणि सलाम करणार. घण म्हणजे जीव की प्राण हो त्यांचा. पण ऐकू येत नसताना घणाजवळ उभं राहिलं आणि कुणी हाक मारली तर? त्यालाच भ्यायलेत.”

कंपाउंडरने कापसाची पुडी बांधण्याचे निमित्त करून पाठ फिरवली. ज्या माणसाने चारचौघांत त्याची बाजू घेतली त्याच्याच कानात तो नसलेल्या आजाराचे औषध घालीत होता, आणि तो माणूस जाताना म्हणत होता, “तुमचा हात हलका आहे, कंपाउंडर. उपकार झाले.”

त्यानंतरचे दिवस कंपाउंडरला फार जड गेले. एका म्हातारीला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटाचे औषध बांधून दिले आणि तिच्या मागे चौकापर्यंत धावत जाऊन ते परत घेतले. घरी बायको म्हणाली, “माझ्या भावाशी बोलत का नाही हल्ली? काही लागेलसं बोलला का?” तो म्हणाला, “माझ्याशी काही बोललेला नाही.” हे अक्षरशः खरे होते, आणि म्हणूनच त्याची त्याला अधिक लाज वाटली. दवाखान्यात जाता-येता मैदानाच्या कडेचे खांब दिसत. कोणीतरी त्यांना गंज लागू नये म्हणून रंग देऊन ठेवला होता.

आपण शब्द दिला होता, उशिरा का होईना दिला होता, असे तो मनाला पुन्हा पुन्हा सांगे. मन ते ऐकून घेई आणि काही बोलत नसे.

शनिवारी घणवाला एकटाच आला. डॉक्टर एका घरी रोगी पाहावयास गेले होते. घणवाला सवयीने बाकावर आडवा झाला, एक कान उशीत दाबला आणि डोळे मिटले. कंपाउंडर औषधे देण्याच्या खिडकीमागे उभा होता. बाटली त्याच्या हातात कोमट झाली होती, परंतु पाय पुढे टाकवेना. काचेतून त्याला बाकावरचा माणूस दिसत होता. थेंब आता पडतील म्हणून त्या माणसाने अंग चोरले आणि त्याचा हात नकळत सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाशी गेला.

“आईने,” कंपाउंडर म्हणाला. विंगेतून म्हणावे तसे. ओठांच्या पुढे जेमतेम वीतभर जाईल अशा आवाजात.

बाकावरून डोळे मिटलेल्या अवस्थेतच उत्तर आले. “आईने सांगितले होते, धाकट्याला सांभाळ. मी त्याला जन्मभर सांभाळले. आज मला न्यायाला सांभाळायचे आहे.” शेवटचा शब्द उच्चारून झाल्यावर घणवाल्याने डोळे उघडले. तो उठून बसला.

“ऐकू आलं,” तो म्हणाला.

“हो.”

“काचेमागून.”

“हो.”

“आणि एक कान उशीत होता माझा.” त्याने खिडकीकडे रोखून पाहिले. “मग त्या दिवशी?”

“त्या दिवशी मी शब्द दिलाच नाही. दिला तो लोक हसायला लागल्यावर.”

“ओळ सापडली नाही?”

घणवाल्याने भाबडेपणाने उघडलेली ती पळवाट होती. हो म्हटले असते तर सगळे तिथेच मिटले असते. कंपाउंडरने बाटली खाली ठेवली. “बोट ओळीवरच होतं.”

“मग?”

“तुम्ही फार चांगलं काम करत होता.”

बाहेरच्या रस्त्यावरून हातगाडी खडखडत गेली. ती दूर जाईपर्यंत घणवाला तिचा आवाज ऐकत राहिला, कान परत हातात आल्यावर माणूस ते उलटसुलट करून पाहतो तसा. मग म्हणाला, “माझी बायको इतके दिवस ओरडून बोलतेय माझ्याशी. आणि मला वाटत होतं, आता तिचं ओरडणंसुद्धा कमी ऐकू यायला लागलं.”

“जजसाहेब, मी...”

“मला सांगून काय उपयोग? माझ्या कानात नाही घालत ते कुंपण.” तो दाराशी गेला. “संध्याकाळी खांब रोवायला जमणार आहेत सगळे. तिथे सांगा.”

संध्याकाळी कंपाउंडर मैदानावर गेला. दवाखान्याचा पांढरा कोट अंगातून काढण्याचेही त्याला भान राहिले नाही. एकीकडे जुनी वस्ती, दुसरीकडे नवी, मध्ये पहारी घेतलेली माणसे. बाई पायरीवर मान खाली घालून बसल्या होत्या. कंपाउंडर मधोमध उभा राहून बोलू लागला, परंतु त्याचा आवाज पहिल्या ओळीपर्यंतही पोचेना.

“मोठ्यानं बोला भावजी,” त्याचा मेव्हणा म्हणाला. “औषध देताय का?”

तेव्हा कंपाउंडर मोठ्याने बोलला. इतक्या माणसांसमोर असा खणखणीत आवाज त्याने जन्मात काढला नव्हता, आणि तो या गोष्टीसाठी निघावा याचे त्याला मनोमन दुःख झाले. बटणाची खूण, मिटलेले ओठ, बाकावर घातलेले थेंब, सारे त्याने सांगितले. मेव्हण्याचे वाक्य मात्र त्याने सांगितले नाही. ते दुसऱ्याचे होते. मत्सर स्वतःचा होता.

“म्हणजे आमचा माणूस विसरलाच नव्हता?” फुटक्या चष्म्याला दोरा बांधलेला पोस्टमन म्हणाला.

“विसरला होता. विसरतात सगळे. त्यासाठीच मला बसवलं होतं.”

नव्या वस्तीतला एक जण पुढे सरसावला तेव्हा घणवाल्याने नुसता हात आडवा केला. मग सायकलवाला पहार जमिनीवर टेकवून म्हणाला, “तारीख द्या म्हणून ओरडला तो माझा भाचा. आणि हसलो ते आपण सगळेच. मी तर वकील असून हसलो.” त्याने खाली पाहिले. “आज नको खांब. उद्या प्रयोग आहे ना? आधी प्रयोग होऊ दे.”

“जज कबूल आहे का ते विचारा,” बाई उठून म्हणाल्या.

“जज आहे,” घणवाला म्हणाला. “प्रॉम्प्टर दुसरा पाहिजे.”

दुसरा प्रॉम्प्टर एका दिवसात कुठून आणावा, हा पेच वहिनींनी सोडवला. नवरा घरी घोकत असताना चुलीपासून माडीपर्यंत ऐकून ऐकून त्यांना सारे नाटक मुखोद्गत झाले होते. त्यांना वही लागतच नव्हती. कंपाउंडरला बाईंनी पडद्याच्या दोरीवर उभे केले. त्याने तक्रार केली नाही. तक्रार करण्याचा हक्क आपण गमावला आहे हे तो जाणून होता. किंबहुना दोरी तरी दिली, याचेच त्याला ओझे वाटत होते.

तिसऱ्या अंकात तीच शांतता पसरली. धाकटा भाऊ पिंजऱ्यात उभा राहिला. घणवाल्याने त्याच्याकडे पाहिले आणि त्याचा हात दुसऱ्या बटणाकडे गेला. खरेच विसरला की विंगेतल्यांची परीक्षा पाहत होता, हे कंपाउंडरला आजवर कळलेले नाही. शब्द त्याच्या ओठांवर आला. परंतु आता तो त्याने द्यावयाचा नव्हता. त्याने दोरी दोन्ही मुठींत आवळून धरली, आणि समोरच्या विंगेतून वहिनींचा हलका आवाज आला, “आईने.”

नाटक पुढे गेले. पडदा पडताना हॉलभर टाळ्या वाजत होत्या. कंपाउंडरच्या तळहातांवर दोरीचे वळ उठले होते.

खांब कडेलाच पडून राहिले आणि येणारे-जाणारे त्यांवर बसू लागले. सोमवारी संध्याकाळी बाजू पडल्या, “कोर्टवाले इकडे, आरोपीवाले तिकडे.” कंपाउंडर लांब उभा होता. आज तर पॉइंट मोजण्यासही त्याला कोणी सांगितले नव्हते. कोर्टाकडे एक माणूस कमी पडत होता. शिपाई झालेल्या माणसाची कारखान्यात दुसरी पाळी होती.

“पडदावाले कुठल्या बाजूला येतात?” पोस्टमनने कोणाकडेही न पाहता विचारले.

घणवाल्याने नेटची दोरी ताणून पाहिली. मग तो म्हणाला, “आमच्यात द्या. समोर ठेवलं तर सारखी नजर ठेवावी लागेल.”

दोन-चार जण हसले. कंपाउंडर मान खाली घालून पुढच्या ओळीत जाऊन उभा राहिला. पलीकडून सर्व्हिस आली, चेंडू उन्हातून उंच चढला आणि तो कोणाचा हे त्याला उमजेना. त्याची पाठ घणवाल्याकडे होती. मागून ओठांच्या पुढे जेमतेम वीतभर जाईल अशा आवाजात एकच शब्द आला.

“तुमचा.”

शब्द अगदी वेळेवर आला होता. कंपाउंडरने हात वर केले, आणि चेंडू बोटांवर येईपर्यंत शरमेने त्याला वर पाहवत नव्हते.